कोऱ्या कानांचा माणूस

चाल तंतोतंत तीच आहे, असं वकीलबाई म्हणाल्या तेव्हा त्याला ती आधी शाबासकीच वाटली. तो हसलासुद्धा. मग वकीलबाईंचं तोंड पाहिल्यावर ते हसू कुठे ठेवावं ते त्याला कळेना. "सारखी आहे, असं म्हणायचंय ना तुम्हाला?" त्याने विचारलं. "सारखी असती तर मी स्वतःच्या हाताने तुम्हाला चहा करून दिला असता," वकीलबाई म्हणाल्या. "सारखीसाठीच तर पगार देतो आम्ही तुम्हाला. ही सारखी नाही. ही तीच आहे. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत. मूळची गाणारी बाई एके ठिकाणी भलतीकडेच श्वास घ्यायला थांबते. तिथे तुम्हीही थांबलाय. का थांबलात?" थांबावंसं वाटलं म्हणून थांबला होता. आतल्या खोलीत बसून चाल बांधताना त्या जागी छाती आपोआप भरून आली होती, एवढंच त्याला आठवत होतं. वकीलबाईंनी टेबलावरचं पाणी त्याच्याकडे सरकवलं. "आठवा," त्या म्हणाल्या. "कुठेतरी कानावर पडलं असणार. जाहिरात घरोघर वाजतेय, आणि मूळ चालीचे मालक कोर्टात उभे आहेत."

कानावर पडणं हाच त्याच्या धंद्यातला गुन्हा होता. धंदा चमत्कारिक होता आणि तो चारचौघांत समजावून सांगताना त्याची दरवेळी तारांबळ उडायची. एखाद्या जाहिरातवाल्याला लोकांच्या जिभेवरची जुनी चाल हवी असते. चालीचे मालक तोंडाला येईल तो आकडा सांगतात, नाहीतर तोंडावर दार लावतात. मग तो जाहिरातवाला या कंपनीत येतो. कंपनीत दोन खोल्या, मध्ये जाड दार. बाहेरच्या खोलीत एक म्हातारा बसायचा, पूर्वी वाद्यवृंदात वाजवणारा. त्याला सगळे सांग्या म्हणत. सांग्याने मूळ चाल ऐकायची आणि ती कशी आहे ते साध्या शब्दांत चिठ्ठीवर लिहायचं. सूर लिहायचा नाही, गुणगुणायचं नाही, टेबलावर बोटसुद्धा वाजवायचं नाही. त्या चिठ्ठीतला एखादा शब्द फार बोलका वाटला तर वकीलबाई तो खोडायच्या. उरलेली चिठ्ठी दाराच्या फटीतून आत यायची आणि आत हा. याने ती मूळ चाल जन्मात ऐकलेली नसायची. चिठ्ठी वाचून जे सुचेल ते बांधायचं. होईल ती त्या चालीची लांबची बहीण. नाक तेच, डोळे वेगळे. ऐकून केलं तर चोरी, न ऐकता झालं तर स्वतःचं, असं वकीलबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या. मग ते कितीही जुळो. तेव्हा त्याला ते फार गमतीचं वाटलं होतं. न ऐकण्याचे पैसे मिळतात हे त्याने घरी येऊन बायकोला हसत हसत सांगितलं होतं.

त्याला घेतलं ते त्याच्या अज्ञानासाठीच. चाली बांधणारे गल्लोगल्ली मिळतात, पण त्यांचे कान म्हणजे धर्मशाळा, कोण येऊन राहून गेलं त्याचा पत्ता नसतो. याचं लहानपण मात्र आवाजाशिवाय गेलं होतं. वडील रात्रपाळीला जायचे आणि दिवसभर झोपायचे. घरात रेडिओ नव्हता. भांडी पंच्यावर पालथी घालायची, चप्पल हातात धरून चालायचं, हसू आलं तर उशीत तोंड खुपसायचं. त्या गप्प घरात डोक्यात आपोआप चाली वाजायला लागल्या, कुणीच न शिकवता. पुढे त्याने थोडंफार शिकून घेतलं, हौशी नाटकवाल्यांना चाली दिल्या, त्यावर पोट भरत नाही हे कळायला जेवढी वर्षं लागतात तेवढी घालवली. मग ही नोकरी. ऑफिसात त्याला कोरेसाहेब म्हणायचे. आडनाव ते नव्हतं, पण चिकटलं. दर सोमवारी वकीलबाई समोर बसवून विचारायच्या, "काही पडलं का कानावर?" आणि तो सांगायचा, दुकानात अर्धा मिनिट काहीतरी वाजत होतं, मी बाहेर आलो, लिफ्टमध्ये एकाचा फोन वाजला. सांगून टाकलं की हलकं वाटायचं. रस्त्याने जाताना तो कानात मेणाचे बोळे घालायचा. घरी शेजारच्यांचा रेडिओ नेमका जेवायच्या वेळी लागायचा, म्हणून जेवतानाही बोळे. पुढे तेही इतकं अंगवळणी पडलं, की बोळ्यांशिवाय घास गिळला तर स्वतःच्याच चावण्याचा आवाज त्याला परका वाटायचा. आणि घरात गाणं बंद. करारावर सही केली त्या दिवशी त्याने बायकोला तसं सांगितलं होतं. ती भांडी विसळत होती, गुणगुणत होती. "म्हणजे मीसुद्धा नाही?" तिने विचारलं. "तू तर नाहीच. तुझं माझ्या डोक्यात लगेच शिरतं," तो म्हणाला होता, आणि त्यात कौतुक होतं असं त्याला अजूनही वाटत होतं. तिने नळ बंद केला. मुलगी तेव्हा तीन वर्षांची. ती खुर्चीखाली बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

वकीलबाईंच्या खोलीतून निघून तो सांग्याकडे गेला. एरवी दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही असा नियम, पण आता नियम पाळून कुणाचं भलं होणार होतं? सांग्या त्याला पाहून उठून उभा राहिला. म्हातारा माणूस, गुडघे धरून उठला, आणि एक पाऊल मागे सरकला. ते पाऊल याच्या मनाला लागलं. "मी काही केलेलं नाही हो," सांग्याच आधी म्हणाला. "चिठ्ठीत काय होतं ते तुम्हीच वाचलंत. उंचावरून कुणीतरी पायऱ्या उतरत येतंय आणि शेवटची पायरी नाहीच, एवढंच वकीलबाईंनी ठेवलं होतं. बाकी सगळं खोडलं. त्यातून ती चाल निघणं शक्य नाही. मी इतकी वर्षं वाजवतोय, मला निघाली नसती."

"मग माझ्याकडून कशी निघाली?"

"ते तुम्ही सांगायचं की मी?" सांग्या खाली बसला. त्याचा आवाज उतरला. "तुमची चाल तयार झाली त्या दिवशी मी दाराला कान लावला होता. नाही लावायचा, पण लावला. कोरेसाहेब, माझ्या अंगावर काटा आला. आत ती मूळची गाणारी बाईच गातेय असं वाटलं मला. ती जाऊन किती काळ लोटला. तिचं घरातलं कुणी उरलेलं नाही. आणि ते श्वास घेणं! तिचा दम कमी पडायचा म्हणून ती तिथे थांबायची. चालीत तिथे थांबा नाहीच आहे. तुमचा दम कमी पडला का?" नाही, असं त्याने मान हलवून सांगितलं. सांग्याने डोळे पुसले. त्यात भीती होती की आठवण, ते याला कळलं नाही. "आमच्या लहानपणी ही चाल घरोघर होती. लग्नात, शाळेत, पोर रडायला लागलं तरी. मग मालकांनी कागद आणला. शाळेत म्हटलं तर पत्र, लग्नात वाजवलं तर माणूस दारात. लोकांनी कानाला खडा लावला. कागदावर एका माणसाचं नाव आहे, त्याने केली म्हणून. माझी आजी त्याच्या जन्माआधीपासून म्हणत होती. पण आजीने कुठे जाऊन नोंद केली होती?" तो हसला, पण ते हसणं अर्ध्यावरच राहिलं. "आता ती कुणाला येतही नाही. तिथे, मालकांच्या कपाटात आहे. आणि तुमच्यात."

तुमच्यात, हा शब्द घेऊन तो घरी निघाला. रस्ता नेहमीचाच होता, पण बोळे घातलेले असल्याने माणसं तोंडं उघडत मिटत होती, गाड्या सरकत होत्या, एक कुत्रा जीव तोडून भुंकत होता, आणि या सगळ्याच्या मधून ती चाल निवांत चालली होती. तो एका काचेसमोर थांबला. स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहताना त्याला पहिल्यांदाच ती शंका आली: आपण जे जे आपलं म्हणून बांधलं त्यातलं आपलं कोणतं? नाटकांना दिलेल्या चाली, भाड्याच्या पहिल्या खोलीत एकटा राहत असताना सुचलेल्या, लग्नाआधी बायकोला ऐकवलेली ती एक, जी ऐकून ती म्हणाली होती, हे कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं, आणि त्याला राग आला होता. आपल्या आत कुणीतरी आधीपासून राहत असेल आणि आपण नुसतं दार उघडत असू, तर? वडील झोपलेले असताना त्या घरात जे वाजायला लागलं ते कुणी वाजवलं? चोर असण्याची त्याला तेवढी भीती वाटली नाही. चोरी कधी झाली हे आपल्यालाच ठाऊक नसावं, याची वाटली.

मग साहजिकच त्याने संशय बायकोवर घेतला. त्याला त्याची लाज वाटली, पण संशय घेतला. तिचं माहेर मोठं, गाणारं, पाचसहा बहिणी एकाच वेळी बोलणाऱ्या. तिथे ही चाल नसेल असं होणंच शक्य नाही. आपण नसताना ती म्हणत असेल. भिंतींना, पडद्यांना, गादीला ते लागत असेल आणि रात्री आपल्या कानात उतरत असेल. असलं काहीबाही त्याच्या मनात यायला लागलं. तो वेळेआधी घरी येऊन दाराबाहेर उभा राहायला लागला, बोळे काढून. आतून पाण्याचा आवाज यायचा. खुर्ची सरकल्याचा. कधी मुलगी म्हणायची, "आई, माझी निळी पेन्सिल कुठाय?" कधी काहीच नाही. पण ते काहीच नाही फार भरलेलं असायचं. दोन माणसं आत आहेत आणि काहीतरी चाललंय, असं. किल्ली फिरवली की ते थांबायचं. काय थांबलं ते त्याला सांगता आलं नसतं, कारण आवाज आधीही नव्हता आणि नंतरही नव्हता. आत जाऊन बघावं तर बायको आणि मुलगी टेबलाशी समोरासमोर बसलेल्या, एकीचा हात दुसरीच्या मनगटावर. "आज लवकर?" बायको विचारायची.

एकदा जेवताना त्याने ठरवलं. दोघी नेहमीसारख्या समोर बसून बोलत होत्या. त्याच्या बोळ्यांपलीकडे त्यांची तोंडं चाललेली होती. इतकी वर्षं तो हे बघत आला होता आणि मायलेकींच्या गप्पा संपत नाहीत म्हणून मनातल्या मनात सुखावत आला होता. त्याने हळूच हात कानाकडे नेला. दोघींची तोंडं थांबली. त्याने बोळे काढले तेव्हा खोलीत फक्त पंखा होता. "मीठ दे," मुलगी म्हणाली, अगदी साध्या आवाजात. शेजारचा रेडिओ लागलेला नव्हता. "तो लागत नाही हल्ली?" त्याने विचारलं. "ते कधीच गेले घर सोडून," बायको म्हणाली. "मागच्या वर्षीच. तुला सांगितलं होतं की." तिने सांगितलं असेल. त्याच्या कानात तेव्हा बोळे असतील. त्याने ते हातातले मेणाचे गोळे बशीच्या कडेला ठेवले आणि थोड्या वेळाने पुन्हा कानात घातले, कारण त्या शांततेत त्याला जेवण जाईना.

वकीलबाई रविवारी दुपारी घरी आल्या. त्यांना घर बघायचं होतं, बायकोचा आणि मुलीचा जबाब हवा होता. जिन्यातच त्यांनी त्याला बाजूला घेतलं. "घरातल्या एकीने जरी एकदा ही चाल मोठ्याने म्हटली असेल, तर कधी न ऐकल्याची तुमची शपथ खोटी. मग नोकरी जाईल हे सोडाच, चोर म्हणून नाव जाहीर होईल आणि आजवरच्या तुमच्या सगळ्या चाली उकरून काढतील. एकही तुमची राहणार नाही. समजलं?" समजलं होतं. तेवढंच तर उरलं होतं त्याच्याकडे. मग वकीलबाई आत येऊन सोफ्यावर टेकल्या, बायकोने पाणी दिलं, आणि वकीलबाई म्हणाल्या, "मला मूळ गाणं या दोघींना ऐकवायचंय. तुम्ही ऐकायचं नाही. बाहेर जा." तो गॅलरीत गेला. बोळे घातले, वरून हातांचे तळवे दाबले. त्यांनी काचेचं दार ओढून घेतलं.

काचेपलीकडे त्याचं घर होतं. सोफा, टेबल, भिंतीवरचं घड्याळ, सगळं जागच्या जागी आणि मुकं. वकीलबाईंनी फोन टेबलावर ठेवला, त्याच्यावर वाकून काहीतरी दाबलं आणि तशाच वाकून बघत राहिल्या. बायको ताठ बसली होती. मुलगी कपाळाला आठ्या घालून फोनकडे बघत होती, अनोळखी माणसाने नावाने हाक मारावी तशी. मग बायकोची हनुवटी जरा वर उचलली गेली. ओठ उघडले. मुलीने लगेच तिच्याकडे पाहिलं, आणि मुलीचेही ओठ उघडले. दोघींची तोंडं एकदम चालायला लागली. हनुवटी वर, मग थोडी खाली, मग आणखी खाली. मुलीचं बोट आईच्या मनगटावर चढत होतं, उतरत होतं. आणि गॅलरीत, दोन तळव्यांच्या आणि दोन बोळ्यांच्या आत, त्याला ती चाल सूर न् सूर ऐकू आली. उंचावरून पायऱ्या उतरत येणारी. बायकोच्या गळ्याखालची खळी आत गेली, खांदे उचलले गेले. तिने श्वास घेतला. त्याच जागी. त्याचीही छाती भरून आली. रोज, ताट समोर घेऊन, त्याने हे पाहिलं होतं. गप्पा म्हणून पाहिलं होतं.

वकीलबाईंनी मान वर केली तेव्हा दोघींची तोंडं मिटलेली होती. मग प्रश्न विचारले गेले, उत्तरं दिली गेली. काचेचं दार उघडलं. "झालं," वकीलबाई म्हणाल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा जीव भांड्यात पडलेला दिसत होता. "तुमची मिसेस म्हणतात, तुम्ही सांगितल्या दिवसापासून या घरात कुणी एक ओळ गायलेलं नाही. मुलगी म्हणते, तिने असलं काही जन्मात ऐकलेलं नाही. मी तिला खोदून खोदून विचारलं. खरं बोलतेय ती. आता तुम्ही सांगा, ही चाल तुम्ही कधी ऐकली होती का?" "नाही," तो म्हणाला. तेही खरं होतं. त्यांनी बोट दाखवलं तिथे त्याने सही केली. वकीलबाईंनी कागदावर फुंकर मारली. "म्हणजे न ऐकता झाली. आता कोर्टाने काहीही म्हणू दे, तुमची बाजू भक्कम. ही चाल तुमची. म्हणजे करारानुसार आमची, पण तुमची." त्या स्वतःच्याच विनोदावर हसल्या, मुलीच्या गालाला हात लावला आणि जिना उतरून गेल्या.

तो टेबलाशी बसला. बायको पेला उचलायला आली. "मी बघितलं," तो म्हणाला. तिने पेला उचलला नाही.

"आम्ही गात नाही," ती म्हणाली. "तू म्हणालास गायचं नाही, आम्ही गायलो नाही."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. तिला गाण्याशिवाय झोप यायची नाही, आठवतं? किती रडायची. मग मी मांडीवर घेऊन नुसते ओठ हलवायचे. ती बघत बघत झोपायची. पुढे तिलाच आवडायला लागलं. मला येत होतं तेवढं सगळं दिलं मी तिला. आईकडचं, मावशीचं." ती तक्रार करत नव्हती. घरात कुठली वस्तू कुठे ठेवली आहे ते सांगावं तसं सांगत होती. त्याला रडू फुटेल असं वाटलं, आणि फुटलं नाही. आपण या बाईचं काय केलं, असं त्याच्या मनात स्पष्ट शब्दांत आलं. आपल्या चाली आपल्या राहाव्यात म्हणून आपण हिचं घर बंद केलं, आणि बंद घराच्या फटीतून हिचंच उचलून विकलं.

"गा," तो म्हणाला. "आता गा. मोठ्याने. सगळं गेलं चुलीत. मला ऐकायचंय." बायकोने त्याच्याकडे बघितलं. तिने तोंड उघडलं, हनुवटी उचलली. नुसती हवा आली. ती खोकली, घोटभर पाणी प्यायली, पुन्हा ओठ उघडले. खळी आत गेली, खांदे उचलले, सगळं बरोबर होतं, आणि आवाज नव्हता. "येत नाही रे," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, आणि जराशी हसली, लाजल्यासारखी. मुलीने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

त्याला ते सहन होईना. मग तोच गायला लागला. आवाज काही धड नव्हता. पहिल्या सुराला चिरकला, दुसऱ्याला जागेवर आला. त्या घराच्या भिंतींना गाण्याची सवय नव्हती, त्या आवाज परत फेकत होत्या. तो डोळे मिटून पायऱ्या उतरत राहिला, एक, मग त्याखालची, मग श्वास. तेवढ्यात मुलगी धडपडत उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि तिने आपला तळवा त्याच्या तोंडावर गच्च दाबला. घाबरून ती त्याच्या खांद्यावरून आतल्या दाराकडे बघत होती, रविवारी दुपारी तो जिथे दार लावून काम करत बसायचा तिकडे. "श्श," ती कुजबुजली, "बाबाला ऐकू जाईल."